हॉटेलातलं माहेर

गोजरामावशीच्या हातून माझी मुलगी मरणार होती, आणि गोजरामावशीच्याच हातून ती जगली. हे मी कुणाला सांगितलं की लोक पहिलं वाक्य ऐकतात आणि दुसरं सोडून देतात. मग मला राग येतो. म्हणून आज सगळं पहिल्यापासून सांगते.

आमचं गाव भरे, मुळशीच्या रस्त्यावर पिरंगुटच्या जवळ. गोजराबाई गावची सुईण. नात्यानं ती कुणाचीच नव्हती, पण लहानथोर सगळे तिला मावशी म्हणायचे, कारण अर्ध्या गावाला जन्मल्या जन्मल्या पहिला धपाटा तिनंच घातलेला. उंच, हाडकुळी बाई. आवाज असा की ओढ्यापलीकडच्या माणसाला हाक मारायची तर हिलाच सांगावं. आणि तोंड भारी फटकळ. कळा देणारी बाई ओरडायला लागली की म्हणायची, "आता कशाला वरडतीस? तवा बरी गप व्हतीस!" यावर सगळ्या हसायच्या, कळा देणारीसुद्धा.

तिचं सगळं शास्त्र एका गोष्टीवर उभं होतं. बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही. कानात कापूस, डोक्याला फडकं, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि दाराला गोणपाट. आमच्याकडची घरं कुडाची आणि कौलांची. कितीही बुजवलं तरी कुठून ना कुठून वारा आत यायचाच. मावशी जन्मभर त्या वाऱ्याशी भांडत आली आणि तोच वारा तिच्या बाळंतिणींना जगवत आला, हे तिला कोण सांगणार? तिलाच काय, आम्हांला कुणालाच माहीत नव्हतं.

माझी आई मी लहान असतानाच तापानं गेली. तेव्हापासून माझी वेणी घालायला आणि मला बोल लावायला मावशीच. माझं लग्न पुण्याला झालं. मालक, जयसिंग, सरकारी कचेरीत कारकून. शुक्रवार पेठेत दोन खोल्या, त्यात सासूबाई, दीर आणि आम्ही दोघं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून माझे वडील, हैबतराव, म्हणजे आमचे आबा, मला न्यायला येणार होते. पण त्यांची बैलगाडी सजायच्या आधीच माझ्या पोटात दुखायला लागलं, दवाखान्यात न्यावं लागलं आणि डॉक्टरांनी पोट कापून मुलगी काढली.

पानशेत फुटलं त्याच्या आधीचा तो हिवाळा. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, टाके नीट भरेपर्यंत घाटाच्या रस्त्यानं हिला न्यायचं नाही. मालक म्हणाले, "ठीक आहे, मग घरी नेतो." आबा म्हणाले, "पयलं बाळंतपान बापाच्या घरी व्हतं."

"बापाचं घर घाटापलीकडं आहे, आबा."

"मग घाटाच्या अलीकडं करू."

आणि माझ्या बापानं डेक्कनच्या बाजूला नव्यानं निघालेल्या हॉटेलात खोली घेतली! लेकीचं माहेर म्हणून. त्यांना कुणी समजवायला जाणं म्हणजे म्हशीला पाढे शिकवणं. आपल्या लेकीनं पहिल्या बाळंतपणात सासरच्या पाण्यानं आंघोळ करायची, हे त्यांच्या डोक्यात बसतच नव्हतं. मालक रागानं निघून गेले. जाताना म्हणाले, "तिथं काही कमी-जास्त झालं तर दुसऱ्या दिवशी ती माझ्या घरी असेल." आबांनी ते मनाला लावून घेतलं. म्हणजे त्या खोलीत मी नीट बरी होणं, हा आबांच्या इज्जतीचा प्रश्न होऊन बसला. आणि ती इज्जत सांभाळायला भऱ्याहून गोजरामावशी आली.

हॉटेल अगदी नव्या तऱ्हेचं. लिफ्ट होती, डनलॉपच्या गाद्या होत्या, न्हाणीघरात पांढऱ्या फरश्या, बेल दाबली की माणूस हजर. मावशी पहिल्या सकाळी तांब्या घेऊन नदीकडे निघाली होती, दारवानानं परत आणली. तिला त्या हॉटेलातलं काहीच पटलं नाही, एक सोडून. खिडक्या. लोखंडी चौकटीच्या काचेच्या खिडक्या, खिट्टी फिरवली की रस्त्यावरच्या मोटारीचा आवाजही आत येत नव्हता. मावशी त्या खिडकीवरून हात फिरवून म्हणाली, "ह्येला म्हनत्यात खोली. हितं वारं शिरंल कुटनं?"

भांडण झालं ते शेगडीवरून. आमच्या सामानात शेगडी बघितल्यावर मॅनेजर म्हणाले, "आजी, खोलीत विस्तव चालणार नाही. आग लागली तर सगळं हॉटेल जाईल." चष्मेवाले, टाय लावलेले, बोलायला मऊ गृहस्थ. शेगडी त्यांनी खाली ठेवून घेतली. मावशी मला म्हणाली, "विस्तवाबिगार बाळंतीन? ती काय मुरवन घातलेलं दूध हाय का, झाकून ठिवलं की झालं?" त्यातून तिच्या मनात एक सल होता. माझं बाळंतपण तिच्या हातून झालं नव्हतं. तिच्या भाषेत, मला 'चिरली' होती. आता शेकानं मला उभी करून ती त्या डॉक्टरला दाखवणार होती.

आबांनी दुसऱ्या दिवशी दुधाच्या किटलीबरोबर एक लोखंडी घमेलं आणि तांदळाच्या पिशवीत दडवून कोळसा आणला. आमच्याच डोंगरातल्या वाडीवरचा, चांगला कडक कोळसा. मावशी न्हाणीघरात तो पेटवायची, झरोक्यातून धूर जाऊ द्यायची आणि निखारे लाल झाले, धूर संपला, की घमेलं माझ्या पलंगाशी आणून ठेवायची. "धूर न्हाई, मग भ्यायचं कशाला?" असं तिचं म्हणणं. चुलीपुढं जन्म गेलेल्या कुणालाही हे पटलं असतं. मलाही पटलं. वाईट असतो तो धूर, डोळ्यांत जातो, खोकला आणतो. निखारा तर नुसती ऊब.

पहिले काही दिवस झरोका उघडा असायचा, म्हणून निभावलं. मग थंडीची लाट आली. भऱ्याला वालाची फुलं करपली, असं आबा सांगत होते. त्या दिवशी आबा दूध आणायला गावी गेले आणि दुपारी मॅनेजरांनी मावशीला बाहेर गाठलं. मला आतून सगळं ऐकू येत होतं.

"तुमच्या खोलीतून जळका वास येतो."

"पोरीला वव्याची धुरी दिली जरा."

"हे बघा, पुन्हा वास आला तर मला खोली रिकामी करून घ्यावी लागेल. माझा नाइलाज आहे."

मावशी आत आली, कडी लावली आणि कामाला लागली. दाराच्या खालच्या फटीत गोधडी कोंबली. झरोक्यात माझं जुनं लुगडं बसवलं. खिडकीच्या खिट्ट्या पुन्हा आवळल्या, वरून पडदा ओढला. "आता घ्या म्हनावं वास," असं म्हणून तिनं घमेलं भरलं. रोजच्यापेक्षा जास्त, कारण थंडी जास्त होती.

आधी बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू? अंग सैल झालं. मुलगी पदराखाली झोपलेली. मग कपाळात ठोके पडायला लागले. मळमळलं. मी म्हटलं, "मावशी, डोकं लई दुखतंय."

"वारं शिरलंय डोक्यात. दवाखान्यात उगडीनागडी ठिवली न्हवं का तुला." तिनं माझ्या डोक्याचं फडकं आणखी घट्ट केलं आणि निखाऱ्यांवर चार कोळसे टाकले. मग माझ्याकडे निरखून बघितलं आणि खूश झाली. "गाल बग कशे लाल झाल्यात! शेक लागला."

ती स्वतः भिंतीला टेकून बसली. एरवी दिवसा कधी पाठ टेकवत नसे. तिचे डोळे मिटत होते, उघडत होते. मी मुलीला छातीशी लावलं. तिनं तोंड उघडलं नाही. ओठांवर दूध पिळलं, ते कानशिलावरून ओघळलं. तळपायाला चिमटा घेतला. एरवी एवढ्याशा चिमट्यानं ती खोली डोक्यावर घ्यायची. आता नुसती पायाची बोटं हलली. तिचेही गाल लाल होते, बाहुलीला रंगवावेत तसे.

तिथं मी घाबरले. कशानं होतंय ते मला कळलं नव्हतं. एवढंच कळलं, की ही खोली आम्हांला गिळते आहे.

"मावशी, खिडकी उघड."

"येडी का खुळी? टाकं वलं हायेत. वारं शिरून धनुर्वात व्हईल तुला."

"मुलगी पीत नाही."

"निजलीया ती. पोट भरल्यालं हाय तिचं." बोलता बोलता तिची जीभ जड झाली. ती उठायला गेली आणि परत बसली.

पलंगाच्या उशाशी बेलचं बटण होतं. ते दाबलं की माणूस येणार, घमेलं बघणार, मॅनेजर आम्हांला बाहेर काढणार, मालक मला घरी नेणार आणि माझा बाप भऱ्याच्या पारावर मान वर करून बसू शकणार नाही. हे सगळं मला दिसत होतं. मी मुलीकडे बघितलं आणि बटण दाबलं. एकदा नाही, दाबून धरलं.

पावलं आली. दारावर टकटक. मॅनेजरांचा आवाज, "काय हवंय?"

मी ओरडायला गेले तर घशातून नुसती हवा. आणि मावशीला, जिला नीट बसताही येत नव्हतं, तिला एवढ्यासाठी कुठून जोर आला कोण जाणे. तोच ओढ्यापलीकडे जाणारा आवाज काढून म्हणाली, "काय नगं! बाळंतीन न्हातीया!"

"बेल वाजली होती."

"हात लागला चुकून! जावा तुमी!"

बाळंतीण न्हाते म्हटल्यावर कोणता पुरुष दारात थांबेल? पावलं लांब गेली. त्या क्षणी मला मावशीचा जेवढा संताप आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही. उशाशी तांब्या होता, तो मी खिडकीकडे फेकला. हातात जोरच नव्हता. पडद्याला लागून तो खाली पडला आणि पाणी फरशीवर पसरलं. मावशी त्याच्याकडे बघत राहिली. तांब्या कशाला पडला, एवढंही तिला विचारता येत नव्हतं.

मग मी पलंगावरून खाली आले. आले म्हणजे पडले. पोटात काहीतरी फाटलं आणि गरम ओल मांडीवरून गेली. टेबलावर सिगारेटची राख झाडायचं जाड काचेचं भांडं होतं, मावशी त्यात वेखंड उगाळायची. ते घेऊन मी ढोपरांवर खिडकीपर्यंत गेले. पडदा ओढला, आणि दोन्ही हातांनी ते भांडं काचेवर आदळलं. काच फुटली.

वारा आला. किती गार होता म्हणून सांगू! मी तोंड उघडून तो गिळला.

आणि मावशी उठली. भिंतीला धरत, धडपडत माझ्या अंगावर आली. "आगं मारलंस! आगं पोरीला मारलंस की गं!" असं म्हणत तिनं मला बाजूला लोटलं आणि पदराचा बोळा करून त्या भोकात कोंबायला लागली. मी तिच्या पायाला मिठी मारली होती. ती हलेना. बोळा बसेना, म्हणून तिनं तोंड अगदी काचेजवळ नेलं. बाहेरचा वारा सरळ तिच्या नाकातोंडात.

ती तशीच उभी राहिली. एक श्वास घेतला, दुसरा घेतला. मला वाटलं, आता पडते. पण ती पडली नाही. तिनं मान वळवून घमेल्याकडे बघितलं. मग पुन्हा खिडकीकडे तोंड करून श्वास घेतला, आणि पुन्हा घमेल्याकडे बघितलं. तिचे डोळे निवळत गेलेले मी खालून बघितले.

"कोळसा," ती म्हणाली. "आगं, ह्यो कोळसा हाय."

पुढचं सगळं तिनं केलं. पलंगावरून मुलीला उचललं, दुपट्यातून मोकळं केलं, खिडकीच्या खिट्ट्या फिरवून दोन्ही दारं सताड उघडली, आणि बाळंतिणीच्या खोलीत वाऱ्याची झुळूक शिरू न देणाऱ्या त्या बाईनं उघड्या अंगाचं पोर दोन्ही हातांनी बाहेर थंडीत धरलं. दुसऱ्या मजल्यावरून! खाली रस्त्यावर गलका झाला. "म्हातारी पोर टाकतेय, म्हातारी पोर टाकतेय!" कुणीतरी ओरडत होतं. तिचा तोल जाऊ नये म्हणून मी पुन्हा तिच्या पायांना मिठी मारली होती. माझ्या मिठीत ते थरथरताना मला कळत होतं, आणि त्याच पायांवर माझी मुलगी हवेत होती.

मुलगी रडेना. मावशीनं तिच्या पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली, पुन्हा बाहेर धरली. "रड! रड गं माजे आये, रड! मला शिव्या दे, पर रड!"

दारावर धक्के बसत होते. मॅनेजर आणि दोन-तीन माणसं. त्या धक्क्यांच्या मधून मला एक बारीक आवाज आला, मांजरीच्या पिलासारखा. मग मोठा. मग तिनं असं भोकाड पसरलं की खालचा गलका थांबला.

मावशीनं घमेलं पायानं न्हाणीघरात ढकलून त्यावर नळ सोडला आणि कडी काढली. मॅनेजर आत आले. मला वाटलं, आता हे ओरडणार. त्या भल्या माणसानं काहीही न बोलता मला उचललं आणि बाहेरच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवलं.

संध्याकाळपर्यंत सगळे दवाखान्यात जमले. डॉक्टरांनी टाके पुन्हा घातले. आबा दुधाची किटली तशीच हातात धरून उभे होते. घमेलं त्यांनीच आणलेलं. मालक मात्र तापले होते. "ही बाई माझ्या मुलीला पुन्हा हात लावणार नाही," ते म्हणाले. मी बोलायला हवं होतं, पण तेवढं बळ माझ्यात नव्हतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. कोंदट जागेत निखारे असले की विषारी वायू होतो. त्याला वास नाही, धूर नाही. माणूस गुंगीत जातो, आणि चेहरा लाल होतो. लोकांना वाटतं, तब्येत सुधारली.

मावशी दाराशी जमिनीवर बसली होती. तिनं विचारलं, "डाक्टर, मेल्यावर बी लालच दिसतं का वो माणूस?"

"हो. कधी कधी दिसतं."

"माजी चंद्री तशीच दिसत व्हती."

चंद्राबाई तिची एकुलती एक लेक. मी ऐकून होते. पहिल्या बाळंतपणाला आईकडे आली आणि बाळासकट एका थंडीच्या पहाटे गेली. गावात सगळे म्हणायचे, तिला बाहेरचं लागलं. देवऋष्यानंही तेच सांगितलेलं. मावशी त्यानंतर तिचं नाव घेत नसे.

डॉक्टर तिच्याजवळ खाली बसले. "कोणत्या खोलीत होती?"

"भाताच्या कोठीच्या. कुडाची न्हवती, दगडी. लई उबदार."

"खिडकी नव्हती?"

"व्हती बारकी. मी माज्या हातानं मातीनं लिपली." आणि मग ती आबांकडे वळून म्हणाली, "हैबतराव, लेकीला वारं लागू ने म्हून लिपली वो मी." त्या खोलीत मालकांसकट कुणाचीही तिच्याकडे बघायची छाती झाली नाही. मला उठून तिच्या गळ्यात पडायचं होतं. उठता येत नव्हतं, म्हणून मी नुसती रडले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला घरी नेलं आणि आबा मावशीला घेऊन एस.टी.नं गावी गेले. पुढचं मला आबांनी सांगितलं. पिरंगुटला उतरल्यावर ती स्वतःच्या घराकडे वळलीच नाही. भऱ्यात भिवाजीच्या दगडी घरात त्याची सून बाळंतीण होती, मावशीच्याच हातची. पुण्याला यायच्या आधी तिची शेगडी मावशीनंच मांडून दिलेली. ती तडक तिकडे गेली आणि बाहेरून दाराचं गोणपाट ओढून काढायला लागली.

भिवाजीची बायको सारजाबाई चवताळून बाहेर आली. "मावशे, ही काय तऱ्हा? पुन्याला जाऊन येडी झालीस का? पोरीला वारं लागंल!" तिनं मावशीला ओसरीवरून खाली ढकललं आणि दार लावून घेतलं. माणसं जमली. कोण म्हणे हिच्या अंगात आलंय, कोण म्हणे हिला दोरीनं बांधा. मावशीनं कोळशाचं सांगून बघितलं, डॉक्टरचं सांगून बघितलं. जन्मभर तिनंच सगळ्यांना वाऱ्याची भीती घातली होती. आता ती स्वतः उलटं सांगायला लागल्यावर कोण ऐकणार? आबा म्हणाले, "मी सांगतो, खरं हाय ते." तर लोक त्यांनाही हसले.

तेव्हा ती उंबऱ्यावर बसली आणि बंद दाराशी तोंड लावून, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सारजे, माज्या चंद्रीला भुतानं न्हाई नेली. मी मारली. आशीच दारं लावून मारली. आता उघड."

मग आतून कडी वाजली.